अंगावरचा आकडा

३ मार्च, सोमवार

ही डायरी जुन्या कंपनीने निरोपसमारंभात दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी हिरव्या अक्षरांत एक वाक्य छापलेलं आहे : 'जबाबदारीने मिळवलेली खनिजं, निर्धास्त प्रवास.' वाक्य माझंच. अकरा वर्षं विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या जाहिराती लिहिल्या, त्यातलं हे सगळ्यांत गाजलेलं. लिहायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. मग कंपनीने वाक्यं लिहिणारं यंत्र आणलं, आणि मला डायरी मिळाली.

आजपासून ताईच्या कारखान्यात. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि मला शहाण्या म्हणते. हे कौतुक नाही. विजेच्या गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या ती विकत घेते. मिस्त्री त्या उघडून आतले सेल सुटे करतो, दाजी ते तपासतात. जे चांगले निघतात त्यांच्या पेट्या बनवतात. वीज गेली की दुकानं, दवाखाने त्या वापरतात. माझं काम म्हणजे माहितीपत्रक आणि पेटीवरचं लेबल.

गाडीच्या लेखी मेलेली बॅटरी म्हणजे पूर्वी शंभर किलोमीटर जायची, ती आता सत्तर जाते. या हिशेबाने मला जाऊन बरीच वर्षं झाली.

दारातच मिस्त्रीने घड्याळ, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं उतरवायला लावलं. धातू चुकून टेकला तर चटका नाही, भाजणंच. ताई म्हणाली, "आणि हात खिशात. पहिला महिनाभर तुझं शिक्षण एवढंच."

बायकोला अंगठीचं सांगितलं. म्हणाली, "लग्नाची अंगठी पहिल्याच दिवशी काढायला लावणारी नोकरी. ताईंना विचार, माझ्यासाठी जागा आहे का."

६ मार्च, गुरुवार

आज मोजणी पाहिली. एकाच गाडीतून निघालेले शहाण्णव सेल. प्रत्येक जाड पुस्तकाएवढा, करड्या पत्र्यातला. गाडी माझ्याच जुन्या कंपनीची. सगळे सारखे भरून मांडणीवर लावलेले. दाजी मीटरची दोन टोकं टेकवतात, आकडा मोठ्याने म्हणतात, ताई तो काळ्या मार्करने सेलच्या अंगावर लिहिते. चार पूर्णांक शून्य पाच चार व्होल्ट. चार पूर्णांक शून्य चार नऊ. सगळी गंमत पूर्णांकानंतरच्या त्या तिसऱ्या आकड्यात. आता चौदा दिवस कुणी हात लावायचा नाही. चौदाव्या दिवशी परत मोजायचं. ज्याचा आकडा पाचाहून जास्त उतरला तो आतून गळतो. बाहेरून अगदी सुदृढ दिसतो, पण बाद. नाही तर कधी तरी भर पेटीत तो तापतो आणि शेजाऱ्यांनाही तापवतो.

मी विचारलं, "वहीत का नाही लिहीत? किंवा कॉम्प्युटरमध्ये?"

"नाही."

"अगं, पण का?"

"ज्याचा आकडा त्याच्या अंगावर. शहाण्या, हात कुठायत?"

हात खिशात घातले. दाजींनी शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. एवढ्या उकाड्यात हा माणूस पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, मनगटाची बटणंसुद्धा लावतो. पहिल्यापासूनच टापटिपीचे. ताईच्या हाताखाली माणूस टापटीप होतो, नाही तर पळून जातो.

पॅकिंगच्या खोलीची एकच भिंत नवीन रंगवलेली आहे, पांढरीशुभ्र. बाकीच्या तीन तशाच कळकट. काटकसर म्हणजे किती!

११ मार्च, मंगळवार

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. लहान चणीच्या, झोप पुरी न झालेल्या, पण डोळे चौकस. त्यांच्याकडे लहान मुलांच्या लशींचा फ्रिज आहे. मागच्या वर्षी सहा तास वीज गेली आणि सगळ्या लशी फेकाव्या लागल्या. नवा साठा पंचवीस तारखेला येणार. वीज गेल्यावरची सोय दाखवली नाही, तर पाठवणारे तो उतरवूनच देणार नाहीत. म्हणजे पेटी चोवीसला हवी. पेटीला बेचाळीस सेल लागतात. वीस तारखेला मोजणी, चार दिवसांत बांधणी. बसतं.

मग त्यांनी विचारलं, "यातले धातू कुठून येतात?"

मी अकरा वर्षांच्या सवयीने म्हणालो, "जबाबदारीने मिळवलेली खनिजं, बाई."

"ते मी वाचलंय. मी जागा विचारतेय. कुठली खाण?" आणि जरा थांबून, "काही खाणींत लहान मुलं उतरतात असं वाचलं होतं. त्याच वयाच्या मुलांच्या लशी मी यावर गार ठेवणार. म्हणून विचारलं."

मी घसा साफ करत होतो तेवढ्यात ताई म्हणाली, "माहीत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशी कुणी वस्तू विकतं? डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि ऑर्डर दिली. सोमवारी विश्वस्तांना घेऊन येते म्हणाल्या.

'माहीत नाही' ऐकून गिऱ्हाईक खूश होतं, हे मला नवीन.

१४ मार्च, शुक्रवार

ते 'कुठून' डोक्यातून जाईना. जुन्या कंपनीत फोन लावला. खरेदीखात्यातला सहीबहाद्दर अजून तिथेच आहे. विचारलं, आपण जबाबदारीने मिळवलेली खनिजं म्हणतो, ती नेमकी कुठली?

"अरे, ते तूच लिहिलं होतंस ना?"

"लिहिलं मी. पण कशावरून?"

"माल देणारे दाखला देतात. त्यावरून."

"तो पाठव."

"तू आता बाहेरचा माणूस," तो म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, "बरं, पाठवतो."

दुपारी मिस्त्रीने एक बाटली दाखवली. आत काजळीसारखी काळी पूड. बाद सेलचा चुरा करणारे लोक आहेत दूर कुठे, तिथे हे निघतं. यातून धातू परत काढतात आणि नवी बॅटरी करतात. हातात धरली तर बाटली विश्वास बसणार नाही इतकी जड.

"आणि धुतात ते पाणी कुठे जातं?" मी विचारलं.

मिस्त्रीने बाटली परत घेतली. "इथे कुणी विचारलं नाही अजून."

मला उगाच बरं वाटलं. एक्कावन्नाव्या वर्षी चांगला प्रश्न सुचला.

१७ मार्च, सोमवार

ताई आणि दाजी परगावी बॅटऱ्या आणायला गेलेत, परवा येतील. विश्वस्त अकराला येणार. नऊ वाजता मांडणीवरचं कापड काढलं आणि धस्सच झालं. धूळ, गोंदाचे डाग आणि वर मार्करचं ते गिचमिड. याला कुणी दवाखान्याच्या लायकीचं म्हणेल?

मी काही मूर्ख नाही. आधी मोबाइलवर मांडणीच्या प्रत्येक फळीचा फोटो काढला, एकेक आकडा वाचता येईल असा. मग हातमोजे घालून, स्पिरिटने शहाण्णव सेल लख्ख पुसले. परत लावताना चकचकीत बाजू पुढे केली आणि पोचे आलेले मागच्या रांगेत ढकलले. आरशासारखे दिसत होते. विश्वस्त हरखले. एक जण म्हणाले, "नवे आहेत की काय?" डॉक्टरीणबाईंचं लक्ष सेलकडे नव्हतं. त्या काळ्या पुडीची बाटली उन्हात धरून बघत होत्या.

सगळे गेल्यावर फोटो उघडून आकडे परत लिहायला बसलो. पहिल्या फळीवरचा पहिला सेल, चार पूर्णांक शून्य पाच तीन. मार्कर टेकवला आणि लक्षात आलं, की हा पहिला तो पहिला नव्हेच. पुढचे मागे गेलेत, वरचे खाली. फोटोत आकडे शहाण्णवच्या शहाण्णव आहेत. कोणता कोणाचा, ते माझ्यासकट कुणालाही माहीत नाही.

मग विचार केला. सगळ्यांचे शेवटचे दोन अंक सत्तेचाळीस ते छप्पन्नच्या मधलेच. म्हणजे फरक तो किती? वाळूच्या कणाएवढा. आकडे तर खरेच आहेत. दाजींनी मोजलेले आहेत.

फोटोतल्या क्रमाने सगळे लिहून काढले. कापड टाकलं. घरी आलो.

१८ मार्च, मंगळवार

सहीबहाद्दराने दाखला पाठवला. चार पानं, तीन शिक्के. तिसऱ्या पानावर माल देणाऱ्यांचं निवेदन : 'आमच्याकडून पुरवली जाणारी खनिजं ही जबाबदारीने मिळवलेली खनिजं असून त्यामुळे ग्राहकाचा प्रवास निर्धास्त होतो.'

तीनदा वाचलं. खनिज विकणाऱ्याला ग्राहकाच्या प्रवासाशी काय देणंघेणं? माझं वाक्य आहे हे! आमच्या पत्रकातून त्यांनी उचललं, त्यांच्या दाखल्यावर घातलं, आणि त्या दाखल्याच्या भरवशावर कंपनी माझं वाक्य छापत राहिली. इतकी वर्षं माझं वाक्य स्वतःचीच जामीनकी देत हिंडतंय.

माझं टाळकंच सटकलं. काय लोक आहेत! खाणीत जाऊन बघितलं नाही, कुणाला विचारलं नाही, कुठून तरी छान दिसणारा मजकूर उचलला आणि दिला आपल्या मालावर चिकटवून. वर शिक्का! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढं चिडण्यासारखं त्यात काय? तुझ्या बोटांना काळं काय लागलंय?"

मार्कर. साबणाने जात नाही.

१९ मार्च, बुधवार

मिस्त्रीला मांडणीच्या मागचा पाना हवा होता म्हणून त्याने कापड उचललं. बराच वेळ तो वाकूनच होता.

"साहेब, आकडे दाजींचे आहेत. अक्षर तुमचं आहे."

मी स्पिरिटचं सांगितलं, फोटोचं सांगितलं. अगदी सहज, हसत. तो हसला नाही. माझ्या दंडाला धरून मला पॅकिंगच्या खोलीत घेऊन गेला आणि त्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं.

"तीन वर्षं झाली. तेव्हा आकडे वहीत लिहायचो. एकदा लिहिताना ओळ एकाने खाली सरकली. सगळे आकडे खरे, फक्त शेजाऱ्याचे. गळका सेल चांगला ठरून पेटीत गेला. दाजी इथे झाकण लावत होते. डावा हात कोपरापर्यंत." त्याने आपल्याच कोपराला हात लावला. "ती पेटी एका घरात जायची होती. पाळणा होता त्या घरात. ताई अजून तेवढंच म्हणतात, बरं झालं इथेच पेटली."

मला त्या बाह्या आठवल्या. मनगटाची बटणंसुद्धा.

"मी सांगणार नाही," मिस्त्री म्हणाला. "उद्या सकाळी मोजणी आहे. सांगायचं तर त्याआधी तुम्हीच सांगा."

पांढरा रंग जवळून पाहिला. खाली अजून तपकिरी डाग दिसतो, ढगासारखा.

घरी येऊन कालचं पान वाचलं. 'कुठून तरी छान दिसणारा मजकूर उचलला आणि दिला आपल्या मालावर चिकटवून.' अक्षर माझंच आहे.

२० मार्च, गुरुवार

सांगितलं. ताई ओरडेल असं वाटलं होतं. ती लहानपणापासून माझ्यावर ओरडत आलीय, त्याची तयारी असते. ती ओरडली नाही. स्टुलावर बसली आणि तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

दाजी म्हणाले, "बघू तर खरं, याच्या आकड्यांनी काय निघतं." सगळे मोजले. माझ्या आकड्यांप्रमाणे पाच बाद निघाले. दाजींनी त्या पाचांच्या डोक्यावर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावला. बाकीचे एक्क्याण्णव पास.

मग ताईने स्पिरिटची बाटली माझ्यासमोर ठेवली. "पूस. या वेळी एकही जागेवरून हलवायचा नाही."

शहाण्णव पुसले. दाजींनी सगळे परत भरायला लावले आणि दोन्ही बाह्या वर केल्या. डावा हात गुळगुळीत आणि सुरकुतलेला, दोन्ही एकदम. मी बघितलं. त्यांनी मला बघू दिलं.

"डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं?" मी विचारलं. उद्या मोजून चौदा दिवस म्हणजे चार एप्रिल. साठा पंचवीसला.

"तू जाऊन सांग. फोनवर नाही. समोर उभा राहून." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "शहाण्या."

"काय?"

"मोजणीच्या आधी सांगितलंस म्हणून अजून कालचाच शहाण्या आहेस. नंतर सांगितलं असतंस तर नाव बदललं असतं."

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एक बाळ टेबलावर रडत होतं, त्याला त्या एका हाताने थोपटत होत्या.

"न मोजलेली पेटी मला नको," त्या म्हणाल्या. "पण साठा परत गेला तर पुढचा दोन महिन्यांनी. एकशे चाळीस मुलं आहेत यादीत. काय करू सांगा."

खिडकीबाहेर बघत राहिलो, आणि बाहेर माझी गाडी उभी होती. कंपनीत होतो तेव्हा सवलतीत घेतलेली, मोतिया रंगाची. शेजाऱ्याच्या पोराने तिच्यावर बोट फिरवलं तरी मी फडकं घेऊन धावतो. तिच्या पत्रकात तिसऱ्या पानावर मीच लिहिलं होतं : 'गाडी उभी असताना घरही चालवते.' मागे एक सॉकेट आहे, त्यात वायर लावायची. अख्ख्या गावात कुणी ते सॉकेट वापरल्याचं ऐकिवात नाही.

"फ्रिज याच्यावर चालेल?" मी विचारलं.

"ते तुम्ही मला सांगायचं," त्या म्हणाल्या. "मोजून."

ताईला फोन केला. ती म्हणाली, "दाजींना पाठवते मीटर घेऊन. गाडी देतोयस? तुझी ती गाडी?"

"अठरा दिवस."

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज. मग, "तिथून निघालास की आधी जेव. काही खाल्लं नसशील."

२४ मार्च, सोमवार

गाडी दवाखान्याच्या भिंतीला लागून उभी आहे, मागून वायर, खिडकीतून आत, फ्रिजपर्यंत. वीज असताना ती दवाखान्याकडून पोट भरते, वीज गेली की फ्रिजला भरवते. दाजींनी दोनदा मेन बंद करून पाहिलं, फ्रिजचा काटा जागचा हलला नाही. साठा पाठवणाऱ्यांच्या माणसानेही तपासलं आणि म्हणाला, "ही सोय यादीत नाही, पण चालतेय."

नर्सबाईंनी गाडीच्या आरशावर ओला नॅपकिन वाळत टाकला. मी काही बोललो नाही. हेही नोंदवून ठेवतो.

३० मार्च, रविवार

रोज चालत जातोय, चाळीस मिनिटं. दोन्ही बुटांचा आवाज वेगळा येतो हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

काल साडेचार तास वीज गेली. संध्याकाळी दवाखान्यात डोकावलो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या गाडीने आज एकशे चाळीस मुलांना घरी पोचवलं, जागची न हलता." असं वाक्य मला अकरा वर्षांत सुचलं नाही.

पण तिथेच उभं राहून वाटलं, या गाडीतही तोच धातू आहे. तिचा कुठून आला? मी ती धुतली, पुसली, तिला नावाने हाक मारली. हे कधी विचारलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

मोजणी. दाजींनी आकडा म्हणायचा, ताईने ताडून बघायचा. मी हात खिशात.

सात बाद निघाले. आतून गळणारे, बाहेरून माझ्यामुळे लख्ख. माझ्या आकड्यांनी बाद ठरलेल्या पाचांपैकी, लाल पट्टीवाल्या, खरा गळका एकच. चार बिचारे निरोगी. म्हणजे सहा गळके माझ्या अक्षरात 'चांगले' होते, आणि पेटीला बेचाळीस लागतात.

मिस्त्रीने ते सात सेल वेगळ्या लोखंडी पेटीत वाळूत ठेवले. दाजींनी माझ्या हातात मार्कर दिला. पास झालेल्यांच्या अंगावर नवा आकडा लिहायचा होता. मी लिहिला. ते म्हणाले, मी परत म्हणालो, मग लिहिला. एकोणनव्वद वेळा.

८ एप्रिल, मंगळवार

पेटी बसली. लेबलाचे चार खर्डे झाले. ताईने शेवटच्यातलं एक वाक्य काढलं ('उत्तर म्हणून आमचंच वाक्य परत आलं'), म्हणाली, "खरं आहे, पण तुझी मिजास दिसते त्यात." लावलेलं लेबल असं :

'बेचाळीस सेल. एका गाडीतून निघालेले. चौदा दिवस ठेवून दोनदा मोजलेले, आकडे प्रत्येकाच्या अंगावर आहेत, झाकण उघडून बघता येतील. खनिजं कुठून आली : माहीत नाही. विचारलं आहे. निकामी झाल्यावर : आमच्याकडे परत द्या, आम्ही चुऱ्यासाठी पाठवतो. तिथलं पाणी कुठे जातं : माहीत नाही. येत्या सोमवारी बघायला जात आहोत.'

सोमवारी मी आणि मिस्त्री जाणार आहोत. त्याने त्या पाण्यासाठी दोन रिकाम्या बाटल्याही धुऊन ठेवल्यात.

डॉक्टरीणबाईंनी लेबल सावकाश वाचलं. 'माहीत नाही'च्या पुढे मी मोकळी जागा ठेवली होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "जागा बरीच सोडलीत."

"उत्तर केवढं असेल त्याचा अंदाज नाही."

"मग अंदाज करू नका," त्या म्हणाल्या, आणि फ्रिजमागची माझी वायर काढून, नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी आलो. बायकोने दार उघडलं, माझ्या खांद्यावरची वायर बघितली, मग माझ्यामागे रस्त्यावर बघितलं.

"गाडी?"

विसरलो. सवयीने चालत आलो होतो.